‘मला काही झालेलं नाही’

न्हाणीघरातून बाहेर आलेल्या दादाच्या उजव्या गालाची दाढी स्वच्छ झालेली होती आणि डाव्या गालावर फेस तसाच वाळत होता. वहिनी त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. “अहो, दाढी अर्धीच राहिली की,” असे ती म्हणाली, तेव्हा त्याने तिच्याकडे मान वळवली नाही. समोर माझ्याकडे पाहतच “झालीय की” असे तो पुटपुटला, आणि त्या दोन शब्दांतली अक्षरे एकमेकांत मिसळून गेल्याचे मला जाणवले. चालण्यात फारसा फरक नव्हता. डावा पाय किंचित घासत होता, एवढेच. वय एकसष्ट, रक्तदाबाची एक गोळी चालू, बाकी प्रकृती ठणठणीत, असा हा माणूस आजारी पडला आहे असे त्या क्षणी घरात कुणालाच वाटले नाही, आणि त्याला स्वतःला तर ते पुढे कित्येक तास वाटले नाही.

कार्यालयात पूर्वी झालेल्या प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात पक्षाघात ओळखण्याच्या चेहरा, हात आणि बोलणे या तीन चाचण्या आमच्याकडून करून घेतल्या होत्या. त्यामुळे मी त्याला खुर्चीवर बसवले आणि दात दाखवून हसायला सांगितले. उजवा कोपरा वर गेला, डावा जागचा हलला नाही. नाकाच्या कडेने ओठाकडे उतरणारी घडी डावीकडे जवळजवळ नाहीशी झाली होती. मग डोळे मिटून, तळहात वर करून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. “अरे, हा काय पोरखेळ लावलायस?” असे म्हणत त्याने हात उचलले. मी मनात दहा आकडे मोजेपर्यंत डावा तळहात आतल्या बाजूला वळला आणि हात हळूहळू मांडीवर येऊन टेकला. “डावा हात खाली आला, दादा,” मी म्हणालो. “दोन्ही वरच आहेत की,” असे तो शांतपणे म्हणाला. साधे एक वाक्य म्हणायला सांगितले, तर शब्द बरोबर निवडले जात होते, पण उच्चार जड झाले होते. या तिघांपैकी एक खूण अचानक दिसली तरी ती पुरेशी मानावी, असे आम्हाला शिकवले होते. इथे तिन्ही होत्या.

“दोन्ही वरच आहेत” हे दादा खोटे बोलत नव्हता, आणि मला वाटते, पक्षाघातात घरच्यांची फसगत होते ती नेमकी इथे. छातीत कळ आली की माणूस खाली बसतो, घाबरतो, मदत मागतो. मेंदूच्या गाभ्यात मात्र वेदना जाणणाऱ्या तंतूंची सोयच नाही, त्यामुळे रक्त गोठून धमनी बंद झाली तरी बहुधा काहीच दुखत नाही. शिवाय शरीराच्या डाव्या बाजूचे भान ठेवणारा मेंदूचा उजवा अर्धा भाग निकामी होऊ लागला, की डावी बाजू गेली आहे हे कळण्याची क्षमताही तिच्याबरोबर जाऊ शकते. डाव्या गालाची दाढी राहून गेली, कारण डावा गाल त्याच्या लेखी उरलाच नव्हता. अशा वेळी रुग्णाच्या “मी ठीक आहे” या म्हणण्याला पुरावा म्हणून काहीही किंमत नसते, आणि तो वडीलधारा असला तरी त्याच्या नाराजीची पर्वा करायची नसते.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. मी वहिनीला विचारले, की याला अगदी नीट बोलताना तू शेवटचे कधी पाहिलेस. ती गोंधळली, मग तिला आठवले, की सातच्या बातम्या संपत असताना त्याने तिला टॉवेल मागितला होता आणि तेव्हा आवाज स्वच्छ होता. म्हणजे सात वाजून दहा मिनिटे. एका पाकिटाच्या पाठीवर मी दोन वेळा लिहून ठेवल्या: ७.१० नीट, ७.३५ आढळले. त्या दिवशी माझ्या हातून झालेल्या सगळ्या गोष्टींत हे पाकीट सर्वांत उपयोगी ठरले असे मी म्हणेन, कारण पुढे रुग्णवाहिकेतल्या परिचारकाने, आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांनी आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि तिघांनाही पहिली वेळ हवी होती, दुसरी नको होती. लक्षणे आपल्या नजरेस कधी पडली याला उपचारात महत्त्व नाही. माणूस निश्चित ठीक असल्याचे कुणी कधी पाहिले, तिथून घड्याळ सुरू होते.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि “चक्कर आली” किंवा “अशक्तपणा आहे” असे मोघम न सांगता “पक्षाघाताचा संशय आहे, चेहरा आणि डावा हात गेला आहे, सव्वासातच्या सुमारास सुरुवात झाली असावी” असे सांगितले. पलीकडून विचारणा झाली ती रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का, एवढीच. मीही विचारून घेतले, की चोवीस तास सीटी स्कॅन आणि पक्षाघातावरचे उपचार असलेले रुग्णालय कोणते, आणि तुम्ही थेट तिथेच नेणार ना. सर्वांत जवळचे रुग्णालय हे अशा वेळी सर्वांत लवकर उपचार देणारे असतेच असे नाही. जिथे स्कॅनची सोय नाही तिथे तासभर थांबून पुन्हा दुसरीकडे जावे लागले, तर तो तास परत मिळत नाही. स्वतःच्या गाडीतून नेण्याचा विचार माझ्याही मनात आला होता, परंतु रुग्णवाहिका आधी कळवून येते, आणि रुग्णालयात माणसे तयार राहतात, हा फरक फार मोठा असतो.

ती येईपर्यंतची मिनिटे मात्र सल्ल्यांची होती. वहिनीचे म्हणणे होते, की आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलवावे, निदान रक्तदाबाची आणखी एक गोळी तरी द्यावी. शेजारचे काका ॲस्पिरिनची गोळी घेऊनच आले, कारण हृदयविकाराच्या झटक्यात ती चघळायला देतात हे त्यांनी ऐकले होते. आणखी कुणी तरी दहाही बोटांची टोके सुईने टोचून रक्त काढण्याचा उपाय सांगितला. मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या या संदेशाला वैद्यकीय आधार काहीही नाही, आणि तो जितक्या आत्मविश्वासाने पुढे पाठवला जातो तेवढ्याने त्याचा फक्त वेळखाऊपणा वाढतो. काकांच्या गोळीचे मला वाईट वाटले, कारण हेतू चांगला होता. पण पक्षाघात दोन प्रकारांनी होतो: सुमारे ८५ टक्के रुग्णांत गुठळीने धमनी बंद झालेली असते, आणि उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडलेले असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वाहिनी फुटलेली असेल तर ॲस्पिरिन देणे म्हणजे रक्तस्रावाला मदत करणे, आणि हा उलगडा स्कॅन झाल्याखेरीज कुणालाही, अगदी तज्ज्ञालाही, करता येत नाही. शिवाय गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. गोळी काय आणि पाण्याचा घोट काय, अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून आम्ही त्याच्या तोंडात काहीही घातले नाही. त्याला कुशीवर निजवले, सदऱ्याची वरची बटणे सोडली आणि लुळा हात धरून ओढला जाणार नाही एवढी काळजी घेतली. वहिनीने त्याच्या सगळ्या औषधांची पाकिटे आणि जुने अहवाल एका पिशवीत भरले, आणि या कामाने तिलाही थोडे सावरता आले.

रुग्णवाहिकेत परिचारकाने बोटावरून रक्तातली साखर तपासली. साखर एकदम खाली गेली तर हुबेहूब पक्षाघातासारखे दिसू शकते, म्हणून ती आधी पाहतात. दादाची व्यवस्थित होती. रक्तदाब १९२ वर १०४ निघाला आणि वहिनी घाबरून म्हणाली, “बघा, मी म्हणत होते ना, गोळी द्या.” परिचारकाने शांतपणे सांगितले, की रक्तदाब आत्ता उतरवायचा नाही. बंद धमनीच्या पलीकडचा भाग आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर कसाबसा तग धरून असतो, आणि रक्तदाब घाईने खाली आणला तर तो आधारही तुटतो. वाटेत दादाचा डावा पायही उचलेनासा झाला. घरातून चालत बाहेर आलेला माणूस स्ट्रेचरवरून आत गेला, आणि तरीही तो मला विचारत होता, की आपण इथे कशासाठी आलो आहोत.

अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा आहे, की मोठी धमनी बंद पडलेल्या पक्षाघातात उपचार न मिळाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. हा आकडा मी नंतर वाचला. त्या सकाळी तिथल्या लोकांच्या हालचालीत तो दिसत होता. दादाला खाटेवर न हलवता त्याच स्ट्रेचरवरून सीटी स्कॅनच्या खोलीत नेले, नावनोंदणीचे कागद मागाहून झाले. डॉक्टर चालता चालताच प्रश्न विचारत होते: रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली का, डोक्याला मार लागला होता का, कुठून रक्तस्राव झाला होता का, वजन किती. वजनाचा प्रश्न मला विचित्र वाटला. औषधाची मात्रा वजनावर ठरते हे कळल्यावर उलगडा झाला. पायाची, हाताची, नजरेची, बोलण्याची तपासणी करून त्यांनी प्रत्येकाला गुण दिले. ० ते ४२ असे हे मोजमाप असते, जितके गुण अधिक तितकी इजा मोठी. दादाचे १४ भरले.

स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, “रक्तस्राव नाही, मेंदू जवळजवळ नॉर्मल दिसतोय.” वहिनीचा चेहरा उजळला. “म्हणजे पक्षाघात नाही ना?” या प्रश्नावर त्यांनी अर्धे मिनिट दिले, आणि ते देणे आवश्यकही होते. सांडलेले रक्त स्कॅनमध्ये लगेच पांढरे दिसते, पण रक्त न मिळाल्याने मरू लागलेला भाग पहिल्या काही तासांत दिसेलच असे नसते. त्यामुळे ‘नॉर्मल’ स्कॅनचा अर्थ इथे आनंदाचा असला तरी वेगळा होता: रक्तस्राव नाही, म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येईल, आणि वाचवण्यासारखा भाग अजून बराच शिल्लक असावा. लगेच शिरेतून डाय सोडून धमन्यांचे चित्र घेतले, तेव्हा मेंदूच्या उजव्या बाजूची मधली मुख्य धमनी सुरुवातीलाच बंद असल्याचे दिसले.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीचे संभाषण मला जवळजवळ शब्दशः आठवते, कारण त्यात गोड बोलणे अजिबात नव्हते. हे औषध अल्टेप्लेज. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ते तीन तासांच्या आत दिल्यावर तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढली. पण त्याच अभ्यासात औषध घेतलेल्या शंभरांतील सहाजणांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांत शंभरांत एकालाही पुरते नव्हे. पुढे २००८ च्या युरोपीय अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली, परंतु मुदतीच्या आतही प्रत्येक मिनिटाने फायदा घटत जातो. “साडेचार तास आहेत म्हणून आपण घरी फोनाफोनी करायला मोकळे आहोत, असं समजू नका,” असे डॉक्टर म्हणाले. वहिनीने माझ्याकडे पाहिले, मी मान डोलावली आणि तिने सही केली. दादाला विचारले, तेव्हा त्याचे उत्तर ठरलेलेच होते: “मला काही झालेलं नाही.”

इंजेक्शनासाठी रक्तदाब १८५ वर ११० च्या आत असावा लागतो, म्हणून आता मात्र तो शिरेतून औषध देऊन, मोजून मापून उतरवला. मात्रेचा दहावा भाग एका मिनिटात दिला आणि बाकीची तासाभरात जाईल अशी लावली. तो तास संपण्याची वाट न पाहताच त्याला कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीतून नळी घालून उपचार करण्याच्या खोलीत, नेले. एवढ्या मोठ्या धमनीतली गुठळी औषधाने विरघळण्याचे प्रमाण कमी असते. त्यासाठी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन जाळीने किंवा शोषून गुठळी बाहेर ओढतात. २०१५ मध्ये एकामागून एक प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी हा उपचार पक्का केला, आणि २०१८ पासून, स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसत असलेल्या निवडक रुग्णांत, तो २४ तासांपर्यंतही करता येतो. बाहेर आलेल्या डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर ठेवलेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, गडद लाल तुकडा आम्हाला दाखवला.

बाहेर थांबलेल्या नातेवाइकांत एक गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीला आदल्या दिवशी अचानक एकाची दोन दिसू लागली होती आणि उभे राहता येत नव्हते. चेहरा सरळ, हात ठीक, बोलणेही स्पष्ट, म्हणून दिवसभर तिला चक्करेच्या गोळ्यांवर ठेवले गेले. मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात असा येतो, आणि म्हणूनच तीन चाचण्यांच्या जोडीला अचानक गेलेला तोल आणि अचानक बिघडलेली दृष्टी या दोन खुणाही आता शिकवतात. दुसऱ्या एका मुलाचे वडील झोपेतून उठले तेच लुळा हात घेऊन. रात्री झोपताना ते ठीक होते, म्हणजे वेळ टळून गेली, असे धरून घरचे थांबणार होते. मुलाने हट्टाने आणले. एमआरआयमध्ये इजा ताजी असल्याची चिन्हे दिसली तर अशांनाही इंजेक्शन देता येते. वेळ टळली की नाही हे घरी ठरवण्याची गोष्ट नाही, हे त्याचे बोलणे मला पटले.

अतिदक्षता विभागात दादाचा डावा पाय संध्याकाळपर्यंत हलू लागला. हात मागे राहिला. चोवीस तासांनी पुन्हा स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिनही सुरू केले नाही. तोंडाने काही देण्याआधी चमच्याने थोडे थोडे पाणी पाजून गिळण्याची परीक्षा घेतली, तीत तो पहिल्यांदा नापास झाला आणि नाकातून नळी घालावी लागली. याच दिवसांत त्याने पांघरुणावर पडलेल्या स्वतःच्या डाव्या हाताकडे बोट दाखवून मला “तुझा हात बाजूला घे” असे सांगितले. मी माझे दोन्ही हात त्याला दाखवले, तेव्हा तो वैतागून म्हणाला, “मग नर्सचा असेल.” मी हसलो नाही, वहिनी मात्र हसली, आणि नंतर बाहेर जाऊन बराच वेळ बसली. मेंदूच्या उजव्या भागाच्या इजेत हे घडते आणि बहुतेकांत ते ओसरते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दादाच्या बाबतीत ते ओसरले. डावीकडचे भान यायला अधिक काळ लागला. वाचताना ओळींची सुरुवातच सुटत असे, म्हणून थेरपिस्टने पानाच्या डाव्या समासाला लाल पट्टी लावून दिली आणि ती पट्टी दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची सवय लावली.

भान परतू लागल्यावर त्याने एक गोष्ट सांगितली, जी तोवर घरात कुणालाच ठाऊक नव्हती. काही आठवड्यांपूर्वी जिन्यात त्याच्या डाव्या हातातून किल्ल्या निसटल्या होत्या, बोटे मिटेनात, आणि दहाएक मिनिटांत सगळे पूर्ववत झाले होते. हात अवघडला असेल, असे त्याने ठरवून टाकले. डॉक्टरांच्या मते तो पक्षाघाताचा क्षणिक झटका होता: गुठळी अडकली आणि आपणहून सुटली. असा झटका येऊन गेल्यावर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून बरे वाटत असतानाच त्याच दिवशी तपासून घ्यायचे असते. इथे तपासणी झाली असती तर काय सापडले असते, तेही मॉनिटरवर दिसले. हृदयाचे वरचे कप्पे ठेक्याने आकुंचन पावण्याऐवजी अधूनमधून नुसते थरथरत होते. त्यामुळे आत रक्त साचते, गोठते आणि तुकडा मेंदूकडे जातो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि माणसाला त्याची जाणीव असेलच असे नाही.

आता दादा चालतो, वाचतो, डाव्या हाताने बटणे लावतो, थकला की उच्चार थोडे जडावतात. हृदयातल्या अनियमिततेमुळे त्याला रक्त पातळ करणारी गोळी कायमची सुरू झाली आहे, आणि त्यामुळे एक जुने उत्तर बदलले आहे. त्या सकाळी “रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का” या प्रश्नाला आम्ही “नाही” म्हणू शकलो होतो, म्हणून इंजेक्शन मिळाले. पुढे कधी वेळ आलीच तर शेवटची गोळी गेल्या अठ्ठेचाळीस तासांत घेतलेली असल्यास ते इंजेक्शन सहसा देता येत नाही. धमनीतून गुठळी ओढून काढण्याचा मार्ग तेवढा उघडा राहतो. हे डॉक्टरांनी घरी जाताना सांगितले, तेव्हापासून गोळीचे नाव, मात्रा आणि ती घेण्याची वेळ लिहिलेले कार्ड दादाच्या खिशात असते. कार्डाच्या मागच्या बाजूला गुठळी काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयाचा क्रमांक आहे, कारण आता थेट तिथेच जावे लागेल.